बटण दाबून पाठ फिरवणाऱ्या माणसासाठी : ड्युअल बूटचं एक प्रकरण

इंदूरच्या रामबागेत माझ्या आत्याचा फराळाचा गृहउद्योग आहे. वर्षभर चकली, शेव आणि भाजणी, आणि दसरा झाला की दिवाळीचा धुमाकूळ. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या पडवीत शेगड्या. काउंटरवर एक असेम्बल केलेला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला बिलांचा छोटा थर्मल प्रिंटर. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम 8 जीबी. बिलिंगचा प्रोग्रॅम जुना आहे, फक्त विंडोजवर चालतो, आणि तो बदलायला आत्या तयार नाही. तिचं बरोबरच आहे. गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्यात आहे.

अडचण सुरू झाली ती 14 ऑक्टोबर 2025 या तारखेमुळे. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं त्या दिवशी थांबणार होती. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे हे यंत्र बाद. आणखी एक वर्षाची वाढीव अद्यतनं घेता येत होती, पण वर्षानं पुन्हा तिथेच येणार. दिवाळीच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही असं आत्यानं स्पष्ट सांगितलं. तेव्हा आतेभावानं आणि मी मिळून वाटणी केली. विंडोजची इंटरनेटची वायर तोडायची, म्हणजे त्यातला नेटवर्क अडॅप्टर बंद करून टाकायचा, आणि तिथे फक्त बिलं करायची. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी, कुरियरचे पत्ते, जीएसटीचं पोर्टल, ईमेल हे सगळं लिनक्सवर. त्यासाठी डिस्कवर जागा मोकळी करून डेबियन 13, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, बसवायचं. एकाच यंत्रावर अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम, यालाच ड्युअल बूट म्हणतात.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुपारी, आतेभावानं ते बसवलं. काम चोख केलं. विंडोज शाबूत, डेटा शाबूत, कॉम्प्युटर सुरू केला की ग्रबची, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची हे विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी येते, पाच सेकंद थांबते, आणि कुणी काही दाबलं नाही तर डेबियन सुरू होतं. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे कबूल करतो.

3 तारखेला सकाळी पावणेदहाला आत्याचा फोन. "अरे, ते परत तेच उघडलंय. मावशी बिल कशावर करू म्हणतायत."

मावशी म्हणजे काउंटर सांभाळणाऱ्या बाई. त्यांची सकाळ कशी असते हे मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिलं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच उलगडतं. मावशी आत येतात, चप्पल दाराशी काढतात, भिंतीवरचा मेन स्विच वर करतात, सीपीयूचं बटण दाबतात आणि वळतात. काउंटरच्या मागे भिंतीवर गणपती आहे. त्याच्यापुढे उदबत्ती लावतात, कालचं फूल काढतात, मग बाटलीत पाणी भरून आणतात. खुर्चीत बसेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात. पाच सेकंदांची यादी त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांच्या दृष्टीनं कॉम्प्युटर ही बटण दाबल्यावर आपोआप बिलाच्या पडद्यापर्यंत येणारी वस्तू होती, आणि आता ती येत नव्हती.

आतेभावाचा पहिला उपाय म्हणजे एक चिठ्ठी. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली: "खाली बाण दोनदा, मग एंटर." तंत्रज्ञाला चिठ्ठी पुरते, कारण तो पडद्याकडे बघत असतो. मावशींनी दोन दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण उदबत्ती आधी की बाण आधी, यात उदबत्ती जिंकायची, आणि मग डेबियनच्या लॉगिनच्या पडद्यावर बाण दाबून काय होणार? बरं, डेबियनमधून परत रीस्टार्ट करायचं तर तो पर्याय कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधा. काउंटरवर तोवर चार माणसं.

चिठ्ठी फसल्यावर आतेभावानं जे केलं ते बहुतेक हुशार मुलं करतील. त्यासाठी ग्रबबद्दल दोन शब्द सांगावे लागतील.

कॉम्प्युटर सुरू होताना दोन ठिकाणी निवड होते, आणि लोक ही दोन ठिकाणं नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिली निवड मदरबोर्डच्या फर्मवेअरची, म्हणजे यूईएफआयची. त्याच्याकडे स्वतःची क्रमवारी असते, आणि लिनक्स बसवताना त्यात डेबियनची नोंद सगळ्यात वर जाते. ती नोंद म्हणजे ग्रब. दुसरी निवड ग्रबच्या यादीतली. कुणी काही दाबलं नाही तर यादीतली कुठली ओळ धरायची, हे ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात असलेल्या ग्रब नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्या फाइलीत ग्रब_डिफॉल्ट=0 अशी ओळ असते. प्रत्यक्षात ती रोमन मोठ्या अक्षरांत असते. मोजणी शून्यापासून, म्हणून 0 म्हणजे सगळ्यात वरची ओळ. फाइल बदलून भागत नाही. त्यानंतर सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी लागते, तेव्हा कुठे खरी यादी, म्हणजे बूट फोल्डरातली ग्रब.सीएफजी ही फाइल, नव्यानं तयार होते. त्या फाइलीच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की हिला हात लावू नका, आणि तरी लोक तिच्यातच बदल करतात. पुढच्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते आणि बदल वाहून जातो. आतेभावानं निदान हे पाप केलं नाही.

त्यानं 0 च्या जागी सेव्हड असा शब्द लिहिला, आणि खाली ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू ही ओळ घातली. याचा अर्थ, शेवटी जी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली होती ती पुढच्या वेळी आपोआप सुरू करायची. कल्पना फारच गोंडस आहे. एकट्या माणसाच्या लॅपटॉपवर छान चालते. महिनाभर विंडोजवर काम असेल तर महिनाभर विंडोज, नंतर लिनक्स तर लिनक्स.

आत्याच्या काउंटरवर मात्र या कल्पनेनं घोळ घातला. संध्याकाळी सातला मावशी घरी जातात. मग आतेभाऊ बसतो, यादीतून डेबियन निवडतो, ऑर्डरी उतरवून घेतो, रात्री बंद करतो. ग्रबच्या लक्षात काय राहिलं? डेबियन. सकाळी मावशींसमोर डेबियन. पण ज्या संध्याकाळी तो मित्रांबरोबर सराफ्यात खायला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोज. म्हणजे कधी हे, कधी ते. आत्या म्हणाली, "याचा मूड असतो बघ. मुलासारखाच आहे."

माझं मत असं की हे आधीपेक्षाही वाईट होतं. रोज चुकीचं सुरू होणारं यंत्र माणूस शिकून घेतो, कटकट करत का होईना. कधी बरोबर आणि कधी चूक असं वागणाऱ्या यंत्रावरचा विश्वासच उडतो. मावशी त्या आठवड्यात बटण दाबून तिथेच उभ्या राहू लागल्या, हात कीबोर्डवर. उदबत्ती आत्यानं लावायला घेतली. घरातल्या कामाची घडी एका ओळीनं मोडली होती.

त्याच आठवड्यात दुसरी एक गंमत. सकाळी नऊ-सव्वानऊला आलेल्या गिऱ्हाइकानं बिल हातात घेऊन विचारलं, "काय हो, पहाटे पावणेचारलाच दुकान उघडता का?" बिलावर वेळ होती 3:45. आत्याला वाटलं घड्याळाचा सेल गेला. सेल ठणठणीत होता. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आहे असं धरतं. रात्री डेबियन इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं आणि मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं. सकाळी विंडोज तेच वाचतं आणि स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं घड्याळ. एरवी विंडोज कधीतरी इंटरनेटवरून स्वतःला सुधारतं, पण त्याची वायर आपणच तोडली होती.

यावर दोन उपाय आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून त्याला यूटीसी वाचायला लावता येतं, किंवा लिनक्सला टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1 ही आज्ञा देऊन स्थानिक वेळेवर आणता येतं. दुसरा उपाय केला की लिनक्स लांबलचक ताकीद देतं: टाइमझोन बदलला किंवा उन्हाळी वेळ सुरू झाली तर गोंधळ होईल. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही आणि आत्याचं काउंटर दुसऱ्या देशात जाणार नाही. म्हणून ताकीद वाचली आणि सोडून दिली. रजिस्ट्रीत शिरायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. त्या विंडोजला आता कुणी वाली नाही, तर त्यात जितका कमी हात घालू तितका बरा. घड्याळ त्या रात्रीपासून सरळ झालं.

डीफॉल्टचं मात्र अजून रखडलेलंच होतं. 10 तारखेला आतेभावाचा निरोप: "दादा, सेव्हड काढलं. आता 2 लिहिलंय. विंडोज दुसऱ्या नंबरवर आहे, कायमचं." यादी अशी होती: शून्यावर डेबियन, एकवर डेबियनचे जास्तीचे पर्याय, दोनवर विंडोज बूट मॅनेजर, तीनवर फर्मवेअरची सेटिंग्ज. अपडेट-ग्रब देण्याआधी त्यानं ओएस-प्रोबरची ओळ तपासली, हेही चांगलं केलं. ग्रबच्या 2.06 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा हा भाग मुळात बंद ठेवलेला असतो. तो बंद असताना अपडेट-ग्रब दिलं तर यादीतून विंडोज गायबच होतं, आणि माणसाला वाटतं विंडोज पुसलं गेलं. इथे तो चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी परत बटण दाबून पाठ फिरवायला सुरुवात केली. विंडोज येत होतं. मीही निर्धास्त झालो.

मग वसुबारस आली, 17 ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. वर्षातले सगळ्यात गर्दीचे दोन दिवस, मागे आठ बायका अनारसे आणि चिरोटे तळतायत, पुढे रांग. सकाळी मावशींनी बटण दाबलं, उदबत्ती लावली, वळल्या, आणि पडदा निळा. वर इंग्रजीत काहीतरी, टक्के वाढतायत, आकडे पळतायत. बंद करून चालू केलं, परत निळं. फोनवर आत्याचा आवाज चढलेला होता. ती मला नेहमी "बाळा" म्हणते, त्या दिवशी नुसतं "अरे ए" होतं.

मी तिला म्हटलं, पडद्यावर वर काय लिहिलंय ते अक्षरं सुटी करून वाच. तिनं "एम, ई, एम, टी..." इतकं वाचलं आणि मला उमगलं. मेमटेस्ट. रॅम तपासायचा प्रोग्रॅम. तो काही बिघडवत नाही, पण थांबवलं नाही तर तपासण्या पुन्हा पुन्हा करत राहतो. एस्केप दाबायला लावलं, यंत्र रीस्टार्ट झालं, यादी आली, आणि मी फोनवर मोजून खालचे बाण दाबवून घेतले. "निळी पट्टी कुठल्या ओळीवर आहे? विंडोज दिसतंय का? अजून एकदा खाली." बिल निघायला साडेदहा वाजले. तोवर आत्यानं पाठकोऱ्या कागदावर कार्बन घालून बिलं लिहिली.

उलगडा संध्याकाळी झाला. आदल्या रात्री डेबियनवर ब्राउझर दोनदा आपोआप बंद पडला होता. आतेभावाला रॅमचा संशय आला, त्यानं मेमटेस्टचं पॅकेज बसवलं, रात्री चालवून बघू म्हणाला आणि झोपून गेला. ते पॅकेज बसताना आपणहून अपडेट-ग्रब चालवतं. आणि यादी कशी बनते? ईटीसीतल्या ग्रब.डी फोल्डरात आकडे लावलेल्या छोट्या स्क्रिप्ट असतात, आणि त्या आकड्यांच्या क्रमानं चालतात. 10 लिनक्सची, 20 मेमटेस्टची, 30 ओएस-प्रोबरची. विसाची पंगत तिसाच्या आधी बसणार. मेमटेस्ट बरोबर दोन नंबरच्या पाटावर जाऊन बसला आणि विंडोज खाली सरकलं. फाइलीत 2 च होतं. जे काम रात्री पोरानं करायचं ते सकाळी यंत्रानं वसुबारसेच्या गर्दीत आज्ञाधारकपणे सुरू केलं.

एक सांगायला हवं. नंबर वापरू नका, कर्नल अपडेट झाला की सरकतो, असं जुन्या लेखांत वाचायला मिळतं. ते एके काळी खरं होतं, प्रत्येक नवा कर्नल मुख्य यादीतच वर येऊन बसायचा. आता जास्तीचे कर्नल पोटयादीत जातात, त्यामुळे कर्नलनं नंबर हलत नाही. याच भरवशावर आतेभाऊ "कायमचं" म्हणाला होता. पण यादीत घुसणारा कर्नल एकटाच नसतो.

त्या रात्री मी स्वतः रामबागेत जाऊन बसलो. पहिला विचार असा आला की फर्मवेअरच्या क्रमवारीतच विंडोज वर न्यावं. ग्रब मधून गेलाच, मावशींना थेट विंडोज, आणि आतेभावानं बूट मेनूची की दाबून डेबियन निवडावं. मला हा मार्ग मुळात आवडतो, त्यात कमी भानगडी आहेत. पण त्या बोर्डावर यूएसबी कीबोर्ड उशिरा जागा होतो, आतेभाऊ दहातल्या चार वेळा ती की चुकवायचा. त्यामुळे तो रोज रात्री मला फोन करणार. नको.

मग नाव वापरायचं ठरवलं. ग्रब_डिफॉल्टमध्ये आकड्याऐवजी यादीतल्या ओळीचं पूर्ण नाव लिहिता येतं. त्या नावात मात्र "एसडीए1" असा डिस्कचा पत्ता असतो, आणि दुसरी डिस्क जोडून अपडेट-ग्रब चाललं तर तो "एसडीबी1" होऊ शकतो. नाव बदललं की ग्रबला ओळ सापडत नाही आणि तो मुकाट्यानं शून्यावर जातो. म्हणून नावाच्याही पुढे जाऊन ओळख घेतली. ग्रब.सीएफजी फक्त वाचायला उघडली आणि विंडोजची ओळ शोधली. त्या ओळीत नावानंतर, एकेरी अवतरणात, ओएसप्रोबर-ईएफआय-नं सुरू होणारी एक ओळख असते आणि शेवटी मधे आडवी रेघ असलेली आठ अक्षरं. ती आठ अक्षरं म्हणजे बूटच्या विभाजनाचा यूयूआयडी, डिस्कच्या त्या भागाचा स्वतःचा ओळखक्रमांक. विभाजन फॉरमॅट केलं तरच तो बदलतो. ती ओळख जशीच्या तशी ग्रब_डिफॉल्टमध्ये घातली, अवतरणासकट. वेळ पाचावरून दहा सेकंद केली, आतेभावासाठी. सुडो अपडेट-ग्रब.

मेमटेस्ट काढला नाही, मुद्दाम. तो यादीत असतानाच तपासायचं होतं. यंत्र पूर्ण बंद केलं, भिंतीचा स्विचही खाली केला, मग मावशी करतात तसं: स्विच, बटण, आणि पाठ. मी गणपतीकडे तोंड करून उभा राहिलो. आतेभाऊ म्हणाला, "दादा, बघा तरी." मी बघितलं नाही. दोन मिनिटांनी वळलो, विंडोजचा डेस्कटॉप होता. असं तीनदा केलं, एकदा पेनड्राइव्ह लावून.

जाता जाता विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की विंडोज "शटडाउन" म्हणून खरं तर अर्धवट झोपतं, आणि डेबियनला डी ड्राइव्हमधलं फक्त वाचता येतं. आतेभाऊ आठवडाभर पत्त्यांची यादी तिथे ठेवता येत नाही म्हणून कुरकुरत होता. रॅमची तपासणी त्याच रात्री लावून ठेवली, सकाळपर्यंत एकही चूक सापडली नाही. ब्राउझर बंद पडण्याचं कारण उघड्या टॅबचं होतं. एकाच वेळी चाळीस.

माझी एक चूक इथे नोंदवतो. दसऱ्याला यंत्र वाटून घेताना आम्ही डिस्कची वाटणी जीबीपर्यंत मोजली आणि सकाळी हे यंत्र कोण सुरू करतं हे विचारलंच नाही. आतेभाऊ यादीसमोर बसलेला असतो, त्याला कुठलाही डीफॉल्ट चालतो, त्याच्या हातात बाण आहेत. डीफॉल्ट हवा असतो तो जो बघत नाही त्याच्यासाठी. हे विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी ही एक ओळ बदलली असती, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आत्यानं कार्बन शोधला नसता.

18 तारखेला सकाळी मी फोनची वाट बघत होतो. आला नाही. दुपारी मीच केला. "कॉम्प्युटर ठीक आहे का?" आत्या म्हणाली, "कॉम्प्युटरला काय झालंय? तू चिवडा न्यायला कधी येतोयस ते सांग."

गेलो तेव्हा मॉनिटरच्या कडेची चिठ्ठी दिसली नाही. "खाली बाण दोनदा"च्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावशींनी लिहून घेतलं होतं: लोकमान्य नगर, अनारसे अडीच किलो, उद्या अकरापर्यंत.